अर्धी किल्ली

दुपारचे तीन वाजून गेले होते आणि पुसेगावच्या गल्लीतून विजयकुमार कंप्युटरचा किबोर्ड काखेत मारून चालले होते. वायर मागे लोंबत होती, तिचं टोक चिखलातून घासत येत होतं, आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस, इस्त्रीच्या शर्टाशिवाय उंबरा न ओलांडणारा, आज अर्ध्या गुंड्या उघड्या टाकून निघाला, म्हणजे काहीतरी मोठं बिनसलं असणार हे गल्लीनं ताडलं.

"साहेब, भंगारात काढलं का?" किराणा दुकानाच्या ओट्यावरून उकंडरावनं विचारलंच.

"बटनं आडकून राह्यलीत," विजयकुमार म्हणाले आणि त्यांनी पाय उचलला.

बटणं ठणठणीत होती. अडकली होती ती त्यांची पोरगी. प्रियंकाचा परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीला नंबर लागला होता. यादी लागून चार दिवस झाले होते, गल्लीत पेढे वाटून झाले होते. आता प्रवेशाच्या वेबसाइटवर जाऊन 'मला ही जागा मान्य आहे' एवढं एक बटण दाबायचं राहिलं होतं, आणि ते आज संध्याकाळी पाचच्या आत. पाच वाजून गेले की जागा दुसऱ्याला, आणि पुढच्या फेऱ्यांतूनही नाव बाद. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं कर्म कुणाचं होतं हे विजयकुमारांना चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर ते मान खाली घालून चालले होते.

झालं असं, की त्या वेबसाइटचा पासवर्ड प्रियंकाला आठवत नव्हता. फॉर्म भरला जूनमध्ये, घरच्या कंप्युटरवर. तेव्हा ब्राउझरनं विचारलं, पासवर्ड लक्षात ठेवू का? ही म्हणाली, ठेव. त्यानं ठेवला, हिनं सोडून दिला. पासवर्ड विसरला तर मोबाइलवर आकडा येतो, पण फॉर्मवर दिलेला मोबाइल म्हणजे विजयकुमारांचं जुनं सिम, आणि 'दोन-दोन सिमला रिचार्ज कशाला' म्हणून ते त्यांनी स्वतःच बंद पाडलं होतं. प्रियंकानं भीतीनं दोन दिवस घरात सांगितलं नाही. आज सकाळी सांगितलं तेव्हा ते सिम चालू करायला सेनगावच्या मोबाइलवाल्यानं हात वर केले, आणि हेल्पलाइनवर सकाळपासून नुसती सनई वाजत होती. म्हणजे तो पासवर्ड आता जगात एकाच जागी होता, घरच्या कंप्युटरच्या ब्राउझरमध्ये. आणि त्या ब्राउझरला विजयकुमारांनी कुलूप घालून ठेवलं होतं.

कुलुपाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

प्रियंका लग्नानंतर सोळा वर्षांनी झालेली. बँकेत विजयकुमार नुसते खाकरले तरी शिपाई उठून उभा राहायचा, पण पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं की साहेबांचं पार मेण व्हायचं. हे तिला माहीत, तिच्या आईला माहीत, गावाला माहीत. जुलैत एका दुपारी ते शेतावरून आले, तर पोरगी पडद्यासमोर बसून खिदळत होती आणि पडद्यावर कुठल्यातरी होस्टेलच्या खोल्या, पलंग, बादल्या, पोरीच पोरी. निलम नावाच्या मैत्रिणीनं पाठवलेला व्हिडिओ होता, दुसरं काही नाही. पण विजयकुमारांचं टाळकं सरकलं. पोरगी अजून घरात आहे आणि मनानं कधीच निघून गेली, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. ते काही बोलून दाखवता येईना. मग माणूस जे करतो ते त्यांनी केलं, आवाज चढवला.

"दिवसभर ह्येच करून राहिलीस! आता बंद म्हंजे बंद."

बंद करायला त्यांनी चाँद पाशांना बोलावलं. एकाच शाखेत हे साहेब आणि पाशा कॅशियर, अठ्ठावीस वर्षं. बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. एक साहेबाकडे, एक कॅशियरकडे. एकानं किल्ली फिरवायची, तेव्हा दुसऱ्यानं तोंड फिरवायचं. साहेबांची किल्ली कंबरेच्या करदोड्याला असायची, पाशांची गळ्यातल्या ताईताशेजारी. इतक्या वर्षांत एकानं दुसऱ्याची किल्ली कधी हातात धरून पाहिली नाही. दोघांची दोस्ती त्या तिजोरीसमोरच मुरली होती.

"माह्याकडं पूर्ण चावी नको," विजयकुमार त्यांना म्हणाले. "पोरगी रडली का मी देऊन टाकीन. अर्धी तुही, अर्धी माही."

"लेकरू हाय साब, दोन व्हिडिओ पाह्यले तर काय झालं?" पाशा म्हणाले खरे. पण साहेबाचा हुकूम म्हणून तयार झाले.

पाशांचा मुलगा सोहेल याचं वारंगा फाट्यावर कंप्युटर दुरुस्तीचं दुकान. त्यानं येऊन कंप्युटरला मालकाचं एक वेगळं दार केलं आणि त्या दारातून ब्राउझरच्या सगळ्या सेटिंगा बंद करून टाकल्या. चार साइट उघड्या ठेवल्या: पेपर, हवामान, बाजारभाव आणि बँक. बाकीचं जग बंद. मालकाच्या दाराला पासवर्ड घालायची वेळ आली, तेव्हा दोघांनी त्या सोहेललाच अंगणात घालवलं. आधी पाशांनी आपला अर्धा पासवर्ड टाइप केला, साहेब भिंतीकडे बघत उभे. मग साहेबांनी आपला अर्धा बडवला, पाशा भिंतीकडे. कुठं लिहून ठेवायचं नाही, हा बँकेचा नियम. "बँकेवानी पक्कं पाह्यजे," असं बजावून, पाच वेळा चुकलं की अर्धा तास दार उघडणार नाही आणि कुणी फोडायला गेलं तर आतलं सगळं पुसून जाईल, अशीही तजवीज करून घेतली. वर पाशांची जबान घेतली, "मी पाया पडलो तरी तुही अर्धी मला द्यायची न्हाई."

त्या दिवसापासून सेटिंगवर बोट ठेवलं की पडद्यावर पाटी यायची, 'या ब्राउझरचं व्यवस्थापन तुमची संस्था करते.' "ही कोनती संस्था?" असं त्यांच्या बायकोनं, संध्याबाईंनी, विचारलं होतं. "मी," विजयकुमार ऐटीत म्हणाले होते. प्रवेशाची वेबसाइट त्या चारांत घालावी हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. फॉर्म तर भरून झाला होता.

आणि बावीस दिवसांपूर्वी चाँद पाशांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

"काका, फोडता येतं, पन मंग तो पासवर्ड बी जातो," सकाळी सोहेल फोनवर म्हणाला होता. "तुमीच म्हनले होते बँकेवानी करा. मी तर अंगनात होतो." थोडं थांबून म्हणाला, "अब्बाला बोलता येत न्हाई, पन समजतं सगळं. त्यांना बटनं दाखवून पाहा."

म्हणून हा किबोर्ड काखेत.

पाशांच्या दाराशी विजयकुमार थबकले. बावीस दिवसांत ते दोनदा भेटले होते. एकदा नांदेडच्या दवाखान्यात आणि एकदा घरी आणलं त्या दिवशी. पुढं नाहीच. विचारणाऱ्याला ते सोयाबीनच्या फवारणीचं सांगत. खरं म्हणजे मित्राचं वाकडं झालेलं तोंड त्यांना बघवत नव्हतं. आणि आज आले ते कामासाठी आले. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते हेच.

"या भाऊसाब," अमिनाबी म्हणाल्या. पाशांच्या बायकोचा आवाज पहिल्यासारखाच होता. "रोज दाराकडं पाहून राह्यतेत. मी म्हनते, येतील, कामात असतील." त्यांनी किबोर्डकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चाँद पाशा पलंगावर उशांना टेकून बसवलेले होते. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. विजयकुमारांना पाहून त्यांचा चेहरा अर्धा हसला, आणि घशातून "हा... हा..." असा आवाज निघाला. डावा हात त्यांनी पुढं केला. विजयकुमारांनी तो धरला. तब्येत विचारावी तर उत्तर कोण देणार? शेवटी त्यांनी सरळ कामाचंच काढलं.

"पाशा, तुही अर्धी चावी पाह्यजे."

पाशांनी मान हलवली. नाही. डाव्या डोळ्यात मात्र मिश्कीलपणा होता, बँकेत चहा पैजेवर लावताना असायचा तसाच. विजयकुमारांना क्षणभर समजलंच नाही. मग एकदम समजलं. जबान! गडी अर्धा मेला होता आणि दिलेला शब्द धरून बसला होता.

"आरं, मीच सोडवतो तुला जबानीतून," ते म्हणाले. "पोरीचा नंबर लागला, परभनीला. डॉक्टर व्हऊन राह्यली ती. पाच वाजेपर्यंत न्हाई दाबलं तर समदं गेलं. पासवर्ड आत हाय आन बाहेरून मी कुलूप लावून ठुलंय. पाया पडतो तुह्या."

आणि ते खरंच वाकले. अमिनाबींनी तोंडाला पदर लावला. पाशांच्या डोळ्यातली गंमत विझली. त्यांनी डाव्या हातानं पलंगावर थापटलं, म्हणजे, ठेव इथं.

किबोर्ड मांडीवर ठेवला. पाशांचं बोट त्यावरून फिरू लागलं आणि थरथरू लागलं. ज्या हातानं नोटांची गड्डी पत्त्यासारखी सुटायची तो उजवा हात बाजूला पडला होता, आणि डाव्याला हे काम कधी शिकवलंच नव्हतं. एका दाबात दोन-दोन बटणं दाबली जायची. विजयकुमार एकेका अक्षरावर बोट ठेवून विचारायचे, "ह्ये का?" पाशा डोळे मिटायचे, म्हणजे हो. मान हलवली की नाही. खिशातल्या किराण्याच्या चिठ्ठीच्या पाठीवर ते अक्षर लिहायचे. एकेका अक्षराला दोन-तीन मिनिटं जात होती, पाशांच्या कपाळावर घाम आला होता, आणि भिंतीवरचं घड्याळ कुणाची वाट बघत नव्हतं.

पहिलं आलं डी. मग आर. मग पी. पुन्हा आर. आय आला तेव्हा विजयकुमारांचा हात थांबला. पुढची अक्षरं त्यांना विचारायची गरजच उरली नाही. पण पाशांनी एकेक करून सगळी दाबली, शेवटच्या एपर्यंत, आणि मग हात खाली टाकला.

डॉक्टर प्रियंका.

यादी लागायला तेव्हा महिना होता. बाप तिकडे संतापानं भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि हा माणूस त्याच्या पाठीमागे पोरीला डॉक्टर करून मोकळा झाला होता. थांबायला वेळ नव्हता. "येतो," एवढंच म्हणून ते निघाले, किबोर्ड छातीशी धरून, आणि साठी ओलांडलेला तो माणूस गल्लीतून चक्क पळाला.

घरी पोचले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. संध्याबाई दारातच उभ्या होत्या. "मिळाली का?" त्यांनी विचारलं. विजयकुमारांनी चिठ्ठी वर धरून दाखवली. प्रियंकानं किबोर्ड जोडला, चिखलाची पिन ओढणीनं पुसली, आणि चिठ्ठी समोर ठेवून चाचांची अक्षरं टाइप केली. ती काय आहेत हे तिच्या लक्षात आलं असणारच. तिनं एकदा नाक ओढलं.

"पप्पा, आता तुमचं," ती उठून म्हणाली. "मी तिकडं पाह्यते." आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

विजयकुमार खुर्चीत बसले. बोटं बटणांवर ठेवली.

काहीच आलं नाही.

सकाळपासून त्यांना एकच घोर होता, पाशाची अर्धी कशी मिळवायची. आपल्या अर्धीचा त्यांनी विचारसुद्धा केला नव्हता. ती काय, आपलीच, खिशात असल्यासारखी. त्यांचा हात आपोआप कंबरेकडे गेला, करदोड्याला किल्ली असायची तिथं. तिथं काही नव्हतं. बँकेनं ती सहा वर्षांपूर्वीच परत घेतली होती.

त्या दिवशीचं बाकी सगळं आठवत होतं. भिंतीवरचं कॅलेंडर, पाशांची पाठ, अंगणात सोहेलची शीळ, संध्याबाईंनी फोडणी दिलेल्या वरणाचा वास. बटणं किती जोरात बडवली तेही आठवत होतं. काय बडवलं ते मात्र डोक्यातून पार धुऊन गेलं होतं. रागाच्या भरात लिहिलेलं, आणि राग तर दोन दिवसांत उतरला होता.

त्यांनी पाशांच्या अक्षरांपुढं बँकेतला नोकरीचा नंबर टाकून पाहिला. चूक. पोरीची जन्मतारीख टाकली. चूक. पाठमोऱ्या प्रियंकाचे खांदे दर वेळी थोडे वर होत आणि खाली येत. औंढ्याच्या नागनाथाचं नाव टाकलं, मनात हातही जोडले. चूक. संध्याबाईंचं नाव टाकलं.

"एकच राह्यला पप्पा," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. कंप्युटरचा नकाराचा आवाज ती मोजत होती.

पाच वाजायला पंधरा मिनिटं होती. विजयकुमारांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. रागात आपण काय बोललो होतो? बंद म्हंजे बंद. असंल, तेच असंल. पाशांची अक्षरं पुन्हा एकदा चिठ्ठीवर पाहून, एकेक जपून दाबून, पुढं त्यांनी 'बंद' टाकलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर पाटी आली. खूप वेळा चुकीचा पासवर्ड. तीस मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा.

"काय झालं?" प्रियंका वळली. तिनं पाटी वाचली, मोबाइलवर वेळ पाहिली. वजाबाकी तिची पक्की होती.

"पाशाचंच..." विजयकुमारांच्या तोंडून निघून गेलं. "त्याचा हात लई हालत होता, एखादं अक्षर..."

ते थांबले. समोर ती चिठ्ठी होती. त्यात एकही अक्षर इकडचं तिकडं होण्यासारखं नव्हतं, आणि हे पोरीलाही दिसत होतं. ज्याला बोलून स्वतःची बाजू मांडता येत नाही त्याच्या माथी मारायला निघालो, याच्या लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"न्हाई," ते म्हणाले. "त्याचं बराबर हाय. माहंच इसरलो मी. मीच घातलेलं, अन् मीच इसरलो."

साहेब चुकलो म्हणाले, असं त्या घरानं याआधी ऐकलं नव्हतं. संध्याबाई चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या, तशाच उभ्या राहिल्या.

मग तिघंही बसून राहिले. प्रियंकानं हेल्पलाइन लावून फोन स्पीकरवर ठेवला. सनई वाजत राहिली. पाचला दहा मिनिटं होती, मग पाच, मग दोन. विजयकुमार पोरीच्या तोंडाकडे बघत होते. आता ही रडेल असं त्यांना वाटत होतं. हिच्या रडण्याला भिऊन तर हा सगळा खटाटोप केला, अर्ध्या-अर्ध्या किल्ल्या केल्या, मित्राची जबान घेतली. आता तिनं रडावं, ओरडावं, किबोर्ड उचलून आपल्या डोक्यात घालावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं. ती रडली नाही. पाच वाजले तसा तिनं फोन उचलून सनई बंद केली, ओढणी झटकली आणि किबोर्डच्या फटींत राहिलेला चिखल नखानं काढत बसली.

"पुढच्या वर्सी..." विजयकुमार म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. तिला ते ऐकायचं नव्हतं.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. अमिनाबींचा होता.

"भाऊसाब, ह्ये दम घेऊ देऊन राह्यले न्हाईत," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं सारखं चावी फिरवल्यावानी करून दाखवतेत. उघडलं का म्हून विचारून राह्यलेत. काय सांगू?"

विजयकुमारांनी फोनवर हात ठेवला आणि पोरीकडे पाहिलं. काय सांगायचं हे विचारायला आज त्यांना दुसरं कुणी नव्हतं.

"उघडलं म्हून सांगा," प्रियंका मान वर न करता म्हणाली. "चाचांनी किती तकलीफ घेतली."

विजयकुमारांनी फोनवरचा हात काढला. "वहिनी, त्याच्या कानाला लावा फोन."

पलीकडे जड श्वास ऐकू आला.

"पाशा, उघडलं रे," ते म्हणाले. "तुही चावी बराबर लागली. एका झटक्यात."

पलीकडून "हा... हा..." असा आवाज आला, मग पुन्हा आला, आणि बराच वेळ येत राहिला. चाँद पाशा हसत होते. विजयकुमार फोन कानाला लावून ऐकत राहिले. पोरगी पुढ्यात बसून चिखल काढत होती, आणि फोन ठेवून तिच्याकडे बघायचं त्यांच्याच्यानं होईना.